अडण्याची मुभा

आज २२ डिसेंबर, श्रीनिवास रामानुजन यांची जयंती. २०१२ हे वर्ष देशाने राष्ट्रीय गणित वर्ष म्हणून साजरे केले आणि तेव्हापासून हा दिवस शाळाशाळांत राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळला जातो. फळ्यावर रंगीत खडूंनी शुभेच्छा लिहिल्या जातात, पटांगणात त्रिकोण-वर्तुळांच्या रांगोळ्या निघतात, पाढ्यांची स्पर्धा होते, प्रश्नमंजूषेत जो आधी हात वर करतो त्याला बक्षीस मिळते. हा उत्साह मोलाचा आहे. गणिताचे नाव काढताच ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्या मुलांना एक दिवस तरी हा विषय हसतमुख भेटतो. पण ज्यांच्या नावाने हा दिवस आहे, त्यांच्या पोरवयात जे घडले त्यात वेगाचा भाग फार थोडा होता. कुंभकोणमला शाळेत असताना, सोळाव्या वर्षाच्या सुमारास, रामानुजन यांच्या हाती जी. एस. कार या इंग्रज शिक्षकाचे एक जाडजूड पुस्तक आले. परीक्षार्थींसाठी केलेले ते संकलन होते. एकाखाली एक हजारो सूत्रे आणि प्रमेये; सिद्धता बहुतेक ठिकाणी नाहीच, असली तर ओळभर. उत्तर छापलेले, तिथवर जायचे कसे ते मात्र वाचणाऱ्याने बघायचे. तो मुलगा एकेक सूत्र घेऊन त्याची वाट काढत बसला.

रामानुजन शतकात एखादे. त्यांच्यावरून चारचौघांच्या मुलांसाठी नियम काढता येत नाही. म्हणून आपल्या अधिक जवळचा माणूस घेऊ. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे देवळालीच्या शाळेत मास्तर होते. विद्यापीठाची खुर्ची त्यांच्या वाट्याला कधी आली नाही. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले.

तो गुणधर्म पाचवीच्या मुलालाही तपासता येतो. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. येईल त्या उत्तरावर पुन्हा तेच. २०२५ घेतले तर ५२२० वजा ०२२५ म्हणजे ४९९५. मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि शेवटी ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहते. कोणतीही संख्या फार तर सात वजाबाक्यांत तिथे पोहोचते.

हे वर्गात दोन प्रकारे करता येते. एक म्हणजे ‘कापरेकर स्थिरांक ६१७४ आहे’ असे फळ्यावर लिहायचे, वहीत उतरवून घ्यायचे आणि रिकाम्या जागा भरायला द्यायचे. दुसरा प्रकार असा की आकडा सांगायचाच नाही. प्रत्येकाने आपापली संख्या घ्यायची आणि वजाबाक्या करत राहायचे. दहा मिनिटांत वर्गात कुजबुज सुरू होते, कारण शेजारच्याचेही तेच आलेले असते. मग कोणी तरी ११११ घेऊन बघतो आणि शून्यावर येऊन थांबतो. कोणी तीन अंकी संख्या घेते आणि ४९५ वर पोहोचते. दोन अंकी घेणारा मात्र गोल गोल फिरत राहतो: ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९. एखाद्या मुलीच्या ध्यानात येते की मधल्या प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज नऊच्या पाढ्यातली आहे, आणि मग शेजारणीची वजाबाकी कुठे चुकली हे ती मास्तरांना न विचारता सांगू लागते. पहिल्या प्रकारात एक आकडा पाठ झाला. दुसऱ्यात मुलांनी प्रश्न उकरून काढला, अपवाद शोधला, चूक पकडण्याची युक्ती हुडकली. वेळ तितकाच गेला.

आमचे म्हणणे एवढेच आहे की प्रश्न सोडवण्याची ताकद मुलात तयार होते ती अडलेल्या वेळात. घोडे अडले आहे, उत्तर दिसत नाही, तरी हातातले काम सोडवत नाही, अशा त्या काही मिनिटांत किंवा काही दिवसांत. गेल्या दोन-तीन दशकांत आपण शाळेत आणि घरात मुलांची ही वेळ प्रेमापोटी, काळजीपोटी आणि गुणांपोटी काढून घेत आलो आहोत.

अगदी लहान वयापासून बघू. रॉबर्ट सिग्लर या मानसशास्त्रज्ञाने चार-पाच वर्षांच्या काही मुलांना आठवड्यांमागून आठवडे बेरजा करताना न्याहाळले. तीन आणि पाच किती, असे विचारले की मूल एका हाताची तीन बोटे उभी करते, दुसऱ्याची पाच, आणि एकपासून आठपर्यंत सगळी मोजते. एके दिवशी तेच मूल ‘पाच’ म्हणून क्षणभर थांबते आणि पुढे ‘सहा, सात, आठ’ म्हणते. हे त्याला कोणी शिकवलेले नसते. पाच बोटे पुन्हा मोजायची गरज नाही, हा त्याचा स्वतःचा शोध असतो. सिग्लर यांना दोन गोष्टी विशेष दिसल्या. हा शोध बहुधा साध्या, आधी जमलेल्या बेरजांवरही लागतो, त्यासाठी हरावेच लागते असे नाही. आणि शोध लागल्यानंतरही मूल कितीतरी दिवस जुन्याच पद्धतीने बोटे मोजत राहते, मधूनच नवी पद्धत वापरते, पुन्हा जुनीकडे जाते. बावीस आणि तीन अशी बेरीज समोर आली, जिथे सगळी बोटे मोजणे शक्यच नाही, की नव्या पद्धतीची खरी किंमत त्याला कळते.

घरोघरी नेमक्या याच टप्प्यावर आवाज चढतो. ‘काल तर येत होतं, आज काय झालं?’ असे आई-वडील म्हणतात आणि वही ओढून घेऊन उत्तर लिहून दाखवतात. काल येत होते ते खरे आणि आज बोटे मोजतोय तेही खरे. दोन्ही पद्धती त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी नांदत असतात आणि कोणती कुठे वापरायची हे त्याचे तोच ठरवत असतो. आपल्याला ती अधोगती वाटते, कारण आपण मुलाचे शिकणे जिन्यासारखे समजतो, पायरी चढली की खाली यायचे नाही.

मात्र याचा अर्थ मुलांना मोकळे सोडले की ती आपोआप कल्पक होतात, असाही नाही. हा समज गोड आहे, पण पुरावा त्याच्या बाजूने नाही. २००२ साली ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत बेटी नावाच्या न्यू कॅलेडोनियन कावळीने सरळ तार वाकवून आकडा केला आणि नळीच्या तळाशी असलेली खाऊची चिमुकली बादली वर ओढून काढली. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना ही हकीकत जरूर सांगावी. तोच प्रश्न पुढे ब्रिटनमधल्या संशोधकांनी मुलांपुढे ठेवला. उंच नळी, तळाशी कडी असलेली बादली आणि जवळ सहज वाकणारी मऊ तार. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाच वर्षांपर्यंतच्या फारच थोड्या मुलांना तार वाकवण्याचे सुचले, आणि आठ वर्षांच्या मुलांतही अनेकांना सुचले नाही. पण कोणी एकदा आकडा करून दाखवला की जवळपास सगळ्यांना तो लगेच करता आला. म्हणजे बघून करणे मुलांना फार लवकर जमते आणि शून्यातून काढणे फार उशिरा. तार वाकते हे मुलाला ठाऊक असते, आकड्याने बादली निघते हेही ठाऊक असते. या दोन गोष्टी एकत्र आणून मधली न सांगितलेली पायरी भरणे हे अवघड काम आहे आणि ते वर्षानुवर्षे पिकत जाते.

मग मोठ्यांनी करायचे काय? याचे उत्तर डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांच्या १९७६ च्या अभ्यासाने दिले आणि ते आजही जुने झालेले नाही. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला शिकवणारी व्यक्ती नेमके काय करते, हे त्यांनी टिपले. चांगली शिकवणारी सगळे रचून दाखवत नाही आणि हातावर हात ठेवून गप्पही बसत नाही. कामाचा जो भाग मुलाच्या आवाक्याबाहेरचा आहे तो ती सांभाळते आणि उरलेला त्याच्यावर सोपवते. त्यातून पुढे वुड यांनी मांडलेला नियम स्वयंपाकघरात पोळी लाटायला शिकवणाऱ्या कोणत्याही आजीला ओळखीचा वाटेल. मूल अडले तर मदत एक पायरी वाढवा, जमले की लगेच एक पायरी मागे या. आपण पहिला अर्धा भाग पाळतो. मागे यायचे आपल्याला सुचत नाही.

मोठी माणसे नसतानाही हा नियम पाळला जातो अशी एक जागा महाराष्ट्रात आहे, आणि ती म्हणजे दिवाळीतला किल्ला. दोनच महिन्यांपूर्वी ज्या अंगणांत किल्ले झाले ती अंगणे डोळ्यांपुढे आणा. आधी जागा ठरते, मग विटा, दगड, फुटकी डबडी गोळा होतात. त्यावर चिखलात बुचकळलेले गोणपाट पसरले जाते, कारण नुसती माती उतारावर राहत नाही हे पहिल्याच दिवशी कळलेले असते. बुरूज ढासळतो. का ढासळला यावर भांडण होते. पाणी जास्त झाले असे एकाचे मत, खालचा दगड हलतो असे दुसऱ्याचे. दोन्ही तपासून बघितली जातात. गडावर गवत दिसावे म्हणून अळीव किंवा मोहरी पेरायची, पण ती दिवाळीच्या आधी उगवून यायला हवी, तेव्हा दिवस मोजून मागे यावे लागते. तळ्यासाठी वाटी पुरली तर पाणी टिकते, नुसता खड्डा केला तर जिरते. मावळा दरवाजापेक्षा उंच होतो तेव्हा प्रमाण म्हणजे काय हे शब्दाविना उमगते. आणि या सगळ्यात आठवीतली ताई आराखडा सांगते, पाचवीतला गोणपाट ताणून धरतो आणि पहिलीतला पाणी आणतो. पुढच्या वर्षी गोणपाट धरणारा आराखडा सांगायला लागतो. नियोजन, प्रयोग, चूक शोधणे, वाटाघाट, मुदत पाळणे, सगळे यात आहे आणि गुणपत्रिका नाही.

आता शहरांतून तयार किल्ले विकत मिळतात. ते सुबक असतात आणि ढासळत नाहीत. जागा नाही, माती मिळत नाही, मुलांना वेळ नाही, या अडचणी खऱ्या आहेत आणि सदनिकेत राहणाऱ्या आईवडिलांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण सोसायटीच्या आवारात चार पाट्या माती आणून टाकायला फार खर्च येत नाही. लादी खराब होईल म्हणून ती टाकू दिली जात नाही, हे मात्र बदलता येण्यासारखे आहे.

शाळेबाहेर मुले जे शिकतात आणि शाळेत जे शिकवले जाते, यांच्यातली दरी किती खोल असते याची मोजदाद झाली आहे. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळे विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक म्हणून गेलेल्या संशोधकांनी विचारलेल्या हिशेबांपैकी ९८ टक्के या मुलांनी बरोबर सांगितले. तीच आकडेमोड नंतर कागदावर, नुसत्या चिन्हांत मांडून दिली तेव्हा बरोबर आली फक्त ३७ टक्के. नारळाची किंमत ३५ असेल तर दहा नारळांचे किती, या प्रश्नाला बारा वर्षांचा विक्रेता दहाने गुणून शून्य देत बसला नाही. तीन नारळांचे १०५ हे त्याला तोंडपाठ होते, कारण गिऱ्हाईके तीन-तीन घेतात. तीन, आणखी तीन, आणखी तीन आणि वर एक, असे करत तो ३५० वर आला.

आपल्याकडचा अनुभव वेगळा नाही. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांना तपासले. त्यांचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. बाजारातली मुले वजन, भाव आणि सुट्टे पैसे यांचे गुंतागुंतीचे हिशेब कागदाशिवाय करत होती, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या वजाबाकी-भागाकारांत अडखळत होती. शाळेत जाणाऱ्या मुलांचे उलटे झाले. कागदावरचे त्यांना जमत होते, बाजारातला व्यवहार जमत नव्हता. शाळेने बाजाराकडून काही घेतले नाही आणि बाजारात शाळेची विद्या पोहोचली नाही.

याच्या जोडीला ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर २०२३’ या अहवालातली एक नोंद ठेवावीशी वाटते. १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींना पट्टीने वस्तूची लांबी मोजायला सांगितली होती. वस्तूचे टोक पट्टीच्या शून्यावर ठेवलेले असताना सुमारे ८५ टक्क्यांनी बरोबर उत्तर दिले. वस्तू थोडी पुढे सरकवून ठेवली तेव्हा बरोबर उत्तर देणारे उरले ३९ टक्के. या मुलांनी पट्टी शंभरदा हाताळलेली आहे. वस्तू जिथे संपते तिथला आकडा वाचायचा, एवढे त्यांना शिकवले गेले आणि ते त्यांनी नीट शिकून घेतले. लांबी म्हणजे दोन टोकांमधले अंतर, ही गोष्ट मात्र त्यांच्यापुढे कधी प्रश्न होऊन आली नाही, कारण वर्गात वस्तू नेहमी शून्यावरच ठेवली जात होती. दहावीच्या गणिताच्या पेपरानंतर ‘असं उदाहरण पुस्तकात नव्हतं’ ही तक्रार दर काही वर्षांनी येते, गुण वाढवून मागितले जातात आणि पालक त्यात पुढे असतात. मुलांचा दोष नाही. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून आलेल्या मुलाला सरकवलेली वस्तू हा अन्यायच वाटणार.

हे बदलता येते, आणि वर्गातच बदलता येते. शिक्षणसंशोधक मनू कपूर यांनी सिंगापूरच्या शाळांमध्ये केलेले प्रयोग याबाबत बोलके आहेत. एका गटाला शिक्षकांनी आधी संकल्पना शिकवली आणि मग उदाहरणे दिली. दुसऱ्याला आधी प्रश्नच दिला, ज्याची रीत त्यांना माहीत नव्हती. मुलांनी चारपाच वाटा काढून पाहिल्या आणि बहुतेक साऱ्या फसल्या. त्यानंतर शिक्षकांनी त्याच फसलेल्या वाटा फळ्यावर घेऊन संकल्पना समजावली. ठरीव आकडेमोडीत दोन्ही गट सारखेच निघाले. समज आणि नव्या प्रश्नावर तिचा वापर यांत आधी अडलेली मुले पुढे होती. यात एक अट आहे आणि ती विसरून चालणार नाही: नंतर शिकवावे लागते. मुलांना अडकवून तास संपवला तर हाती निराशाच येते. शिवाय प्राथमिकच्या लहान मुलांत या पद्धतीचा लाभ इतका ठळक दिसत नाही; हाताशी थोडे तरी भांडवल असलेल्या मोठ्या मुलांत दिसतो.

आणि मोठ्या मुलांपाशीच खरी कसोटी आहे. तेरा-चौदा वर्षांपर्यंत मुलाचे प्रश्न बव्हंशी वस्तूंचे आणि आकड्यांचे असतात. पुढे ते माणसांचे होतात. मैत्रिणीने बोलणे टाकले, कोणी फोनवर नको ते चित्र पाठवले, वडिलांचे काम सुटले आणि फी भरायची आहे. यांना एक उत्तर नसते. या वयात तर्कशक्ती जवळपास मोठ्यांइतकी झालेली असते, पण आवेग आवरणारे आणि पुढचे तोलणारे मेंदूचे पुढचे भाग पंचविशीपर्यंत घडत राहतात. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांच्या २००५ च्या प्रयोगात १३ ते १६ वयाच्या मुलांनी गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात एकट्याने बरीच सावध खेळी केली. दोस्त शेजारी बसलेले असताना त्याच वयाची मुले कितीतरी जास्त धोका पत्करताना दिसली. म्हणून कागदावर शहाणे उत्तर लिहिणारा मुलगा रात्री मित्रांबरोबर मोटारसायकलवर तिघांत बसतो. त्याला कळत नाही असे नाही. कळते ते त्या क्षणी कामी यायला सराव लागतो.

तो सराव आपण देत नाही. अकरावी-बारावीच्या मुलांना सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत प्रश्न सोडवायला बसवले जाते, आणि त्या हजारो बहुपर्यायी प्रश्नांतून प्रश्नाचा प्रकार झटकन ओळखण्याचे कौशल्य येते. ते कमी लेखण्याचे कारण नाही. बुद्धिबळातले निष्णातही पटावरची मांडणी ओळखूनच खेळतात. पण त्याच मुलाने बँकेत जाऊन स्वतःचे खाते उघडलेले नसते, एसटीने एकट्याने प्रवास केलेला नसतो, अर्ज भरताना चुकलेला नसतो, शिक्षकांशी मतभेद झाल्यावर स्वतः जाऊन बोललेला नसतो. ते सगळे ‘तू फक्त अभ्यास कर’ म्हणत आई-वडिलांनी निस्तरलेले असते. अठराव्या वर्षी तो परगावच्या वसतिगृहात जातो आणि पहिल्यांदा खरोखर अडतो, तेव्हा शेजारी कोणी नसते. पंधराव्या वर्षी जे थोडक्यात आणि घरात अडायला हवे होते, ते तिथे एकदम आणि एकट्याने वाट्याला येते. कोणाला विचारावे, मदत मागावी हेही प्रश्न सोडवण्यातच मोडते आणि तेही सवयीनेच येते.

दुसरे टोक आहे ते ज्यांना अडण्याची कधी उसंतच मिळाली नाही त्यांचे. डिसेंबरचा महिना म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात. बीडपासून, नगरच्या पूर्व भागापासून ऊसतोडणी कामगार कारखान्यांच्या परिसरात कोप्या टाकून राहिलेले आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुले. आई-वडील पहाटे फडात गेले की बारा वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळते, पाणी कुठून किती आणायचे ते ठरवते, चूल पेटवते, आगाऊ घेतलेली उचल किती फिटली याचा अंदाज घरच्यांच्या बोलण्यातून बांधते. दिवसभरात ती जितके निर्णय घेते, तितके शहरातला तिच्या वयाचा मुलगा महिन्यात घेत नसेल. शाळेच्या नोंदीत मात्र ती गैरहजर असते आणि मार्चमध्ये परत आली की ‘गणितात कच्ची’ ठरते. तिच्या कष्टांचे कौतुक करून थांबणे ही तिची फसवणूक होईल. कोलकात्याच्या बाजारातल्या मुलांनी दाखवून दिले आहे की व्यवहारातले शहाणपण आपोआप कागदावर उतरत नाही. ते उतरवून देणारे कोणी तरी लागते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे पाऊणशे वर्षांपूर्वी कळले होते. १९४५ साली बोर्डीत त्यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे कोसबाडला गेल्या, आणि गुरे राखणारी वारली मुले शाळेत येत नाहीत हे पाहून शाळाच कुरणात नेली. मुलाच्या हातात जे आहे तिथून सुरुवात करायची आणि अक्षर-आकड्यांपर्यंत न्यायचे, हे त्या कुरणशाळेचे सूत्र. ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठीच्या साखरशाळांना आज त्याची गरज आहे. त्या वेळेवर सुरू व्हाव्यात, शिक्षक पूर्ण हंगामभर मिळावेत आणि त्यांना ऊसतोडीचे टन, फेऱ्या, उचल यांवरून गणित शिकवण्याची मोकळीक असावी, ही मागणी शिक्षण विभागाकडे आम्ही या दिवसाच्या निमित्ताने करत आहोत.

बाकीच्या शाळांकडे मागणे त्याहून सोपे आहे. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा दिसले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात. ती थांबण्याची वेळ तीन सेकंद केली तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, गप्प बसणारी मुले बोलू लागली आणि मुले एकमेकांना प्रश्न विचारू लागली. साठ-सत्तरांचा वर्ग, पोर्शन पुरा करण्याचे दडपण, वर माहिती भरण्याचे काम, हे सगळे डोक्यावर असलेल्या शिक्षकालाही आणखी दोन सेकंद देता येतील.

आणि आता लवकरच आनंद मेळावे सुरू होतील. डिसेंबर-जानेवारीत जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुले भेळ, भजी, भाजीपाला, पेरू घेऊन बसतात, गाव खरेदीला येते. बऱ्याच ठिकाणी माल आई तयार करून देते, भाव वडील सांगतात, सुट्टे पैसे काका सांभाळतात आणि मूल टोपी घालून छायाचित्रापुरते उभे राहते. यंदा हे मुलांच्या हाती सोपवावे. काय विकायचे, किती आणायचे, भाव काय ठेवायचा, उरले तर काय करायचे, हे त्यांनी ठरवावे आणि खर्चाची नोंद त्यांनीच ठेवावी. काहींना नफा होईल, काहींचे पेरू उरतील. मग दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला त्याच वह्या उघडाव्यात, त्यांतले आकडे फळ्यावर घ्यावेत आणि खरेदी, विक्री, शेकडा नफा हे धडे तिथून सुरू करावेत. पेरू उरलेल्या मुलाची वही सगळ्यांत आधी घ्यावी. त्याचे कुठे बिनसले, किलोमागे किती पडले, दुपारनंतर भाव उतरवला असता तर काय झाले असते, हे शोधायला अख्खा वर्ग लागेल आणि एक तास पुरणार नाही. दुसराही द्यावा.